पाणचिऱ्याचा पंचनामा

नागपूरच्या महाल भागात माझं चष्म्याचं दुकान आहे. दुरुस्तीला टाकले आणि मग कुणी न्यायलाच आलं नाही, असे चष्मे मी एका ड्रॉवरमध्ये टाकत जातो. इतक्या वर्षांत तो ड्रॉवर असा गच्च भरलाय की उघडताना काड्या हाताने दाबून धराव्या लागतात. फेकायला जीव होत नाही. वाटतं, न जाणो, येईल कुणी! आमच्या पक्षीवाल्या मंडळींचे किस्से माझ्याकडे असेच जमले. एक काढायला जावं तर दुसऱ्याची काडी त्यात अडकलेली असते.

गिऱ्हाइकं विचारतात, "मनोहरभाऊ, रविवारी सकाळी दुकान बंद काहून ठेवता गा?"

"तलावावर जातो."

"मासे पकडाले?"

"नाही, पक्षी पाहायला."

मग गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघतं, की या माणसाकडून डोळ्यांचा नंबर काढून घ्यावा की नाही! आणि खरं सांगायचं तर आमच्या गटात सगळ्यात कमी दिसतं ते मलाच.

गट म्हणजे चार माणसं. लांजेवार साहेब, जमीन मोजणी खात्यातून रिटायर झालेले. गजभिये सिस्टर, सरकारी दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरमध्ये उभा जन्म काढलेल्या. प्रणय, मिहानमधल्या एका कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसणारा. त्याच्याकडे माझ्या दुकानाएवढ्या किमतीचा कॅमेरा. आणि चौथा मी.

पारशिवनीच्या रस्त्याने जाऊन आत वळलं की आमचा तलाव. नाव सांगत नाही. नाव सांगितलं की लोक स्पीकर घेऊन पार्टीला येतात. हिवाळ्यात परदेशी बदकं येतात तेव्हा तिथे कुणीही जातं. आम्ही जातो ते उन्हाळा संपता संपता, नवतप्यात. नागपुरात ते नऊ दिवस शहाणा माणूस कूलरसमोरून हलत नाही. पण तेव्हा तलाव आटून एवढासा उरतो, आणि चार कोसांतला जो जो पक्षी तगलाय तो त्या एवढ्याशा पाण्याला येतो. पहाटे पाचला साहेबांची व्हॅन माझ्या शटरसमोर उभी. सिस्टर आधीच बसलेल्या. "जयभीम, मनोहरभाऊ, आजही उशीर!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की अलार्म लावायची गरज नव्हती.

*

साहेबांची एक वही होती. पक्ष्यांची यादी सगळेच ठेवतात, पण साहेबांची वही म्हणजे सरकारी कागद! तारीख, वेळ, जागा, पक्षी, संख्या, पंच एक, पंच दोन, शेरा. असे रकाने आखलेले. मोजणीला गेलं की दोन पंचांसमोर पंचनामा करायचा, ही आयुष्यभराची सवय. तीच त्यांनी तलावावर आणली. दोन माणसांनी पाहिला तरच पक्षी, दोघांच्या सह्या झाल्या तरच नोंद. एकट्याने मोर जरी पाहिला तरी साहेब विचारणार, "पंच कोण?"

प्रणय नवीन आला तेव्हाची गोष्ट. सकाळचे सात, उन्हाने समोरचं सगळं हलतंय. एकदम हा ओरडला, "सर, सारस! सारस!!" आमच्याकडे सारस म्हणजे काय सांगू! आम्ही सगळे पालथे झोपलो. खरंच, पाण्याच्या पलीकडे उंच, पांढुरकं, आणि डोकं लालभडक. पाच मिनिटं, दहा मिनिटं. सारस हलेना.

साहेब उठले आणि चालू लागले. साहेबांना अंतर पावलांनी मोजायची खोड. तीनशे बारा पावलं मोजत पलीकडे गेले, तितकीच मोजत परत आले. वही उघडली, लिहिलं आणि प्रणयपुढे धरली.

'पक्षी: रामाजीचं बनियान. संख्या: एक. शेरा: डोक्यावर लाल गमछा.'

"कर सही," साहेब म्हणाले. "तू पहिला पंच!"

रामाजीभाऊ म्हणजे तलावावरचे मासेमार. पाणी आटलं की कोरड्या गाळात डांगरं लावायचे. डांगर म्हणजे तुमचं खरबूज. आंघोळ करून त्यांनी बनियान काठीवर वाळत घातलं होतं, वर गमछा अडकवला होता. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "मंग सारस खाली उतरवू का? मले घालाचा हाय."

*

सिस्टरच्या पिशवीत दुर्बीण शेवटी निघायची. आधी मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली, मग कांदे, मग ओला टॉवेल. आम्हाला दर अर्ध्या तासाला पाणी पाजायच्या. नको म्हटलं तर थिएटरमधला आवाज काढायच्या. त्या आवाजापुढे मोठमोठे सर्जन गप्प बसले असतील, आम्ही कोण!

एका वर्षी साहेबांना ऊन लागलं. अडई बदकं मोजता मोजता मटकन खाली बसले, डोळे फिरले. सिस्टरने त्यांना बाभळीखाली आडवं केलं, टॉवेल डोक्यावर, मनगट हातात, नजर घड्याळावर. मी आणि प्रणय नुसते पांढरे पडलो.

"एकशे अठरा," सिस्टर म्हणाल्या. "लय धावून राहिली नाडी."

साहेबांचे डोळे मिटलेले. ओठ कोरडे. त्यातून आवाज आला, "पंच कोण?"

सिस्टरने माझा हात खेचला आणि साहेबांच्या मनगटावर दाबला. "घ्या बाप्पा, हा दुसरा पंच! आता तरी पडून राहा!"

परतताना व्हॅन प्रणयने चालवली. साहेब मागे सिस्टरच्या शेजारी, लहान पोरासारखे बाटलीतून घोट घोट पाणी पीत. आजही मला ते दोघं तसेच बसलेले दिसतात.

*

रामाजीभाऊंच्या डांगराच्या वेलांमध्ये एकदा टिटवीने चार अंडी घातली. उघड्या गाळावर, चार खडे ठेवल्यासारखी. रामाजीभाऊंनी तेवढा वाफा सोडून दिला. पाणी द्यायला जायचे तर टिटवी डोक्यावर झेपावायची, म्हणून ते डोक्यावर टोपलं घेऊन पाणी द्यायचे!

साहेबांना हे फारच आवडलं. त्यांनी टेप काढला, चारी बाजूंनी काड्या रोवल्या, वहीत नकाशा काढला. खाली लिहिलं, 'क्षेत्र: चार फूट बाय चार फूट. कब्जेदार: टिटवी. मूळ मालक: रामाजी, हरकत नाही.' रामाजीभाऊंचा अंगठाही घेतला. सिस्टर हसून हसून दगडावर बसल्या. तो बाभळीखालचा चपटा दगड, तो त्यांचाच. बाकी कुणी तिथे बसत नसे.

पुढच्या रविवारी गेलो तर अंडी नव्हती. कुत्र्याने नेली की मुंगसाने, कळायला मार्ग नाही. टिटवी मात्र तिथेच फिरत होती आणि आम्ही जवळ गेलो की अजूनही डोक्यावर झेपावत होती. राखायला काही उरलं नव्हतं तरी राखत होती.

प्रणयने विचारलं, "सर, आता काय लिहायचं?" साहेबांनी पेन उघडलं. सिस्टर म्हणाल्या, "काही नका लिहू, साहेब. तिले अजून ठाऊक नाही."

त्या दिवशी शेऱ्याचा रकाना कोरा राहिला.

*

आता तो स्क्रूचा किस्सा. हा मी हसत सांगायचो पूर्वी.

चार वर्षांपूर्वीचा नवतपा. साहेबांच्या दुर्बिणीचा मधला स्क्रू ढिला झाला होता. "मनोहर, तू चष्म्यावाला आहेस ना? घे!" मी आपला खिशातला बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढून ऐटीत बसलो. एक आटा, दोन आटे, आणि टुणकन स्क्रू उडाला तो थेट गाळाच्या भेगेत! तुम्ही उन्हाळ्यातला तलाव पाहिलाय ना? हातभर खोल भेगा. मी गुडघ्यांवर, साहेब गुडघ्यांवर, प्रणय मोबाईलचा टॉर्च लावून पालथा. आम्ही तीन शहाणे मान खाली घालून भेगेत बघतोय. सिस्टर एकट्या दगडावर, पाण्याकडे तोंड करून.

"साहेब," सिस्टर म्हणाल्या.

"थांबा सिस्टर, दिसून राहिला स्क्रू."

"साहेब! वर पाहा!"

"एक मिनिट!"

ते एक मिनिट होतं की अर्धं, कोण जाणे. आम्ही वर पाहिलं तेव्हा पाणी रिकामं होतं. सिस्टर उभ्या होत्या, दुर्बीण छातीशी धरलेली, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. थिएटरमध्ये माणसं दगावताना पाहिलेली बाई!

"पाणचिरा होता," त्या म्हणाल्या.

पाणचिरा आमच्या तलावावर? मोठ्या नद्यांच्या वाळूतला पक्षी तो. वरून काळा, खालून पांढरा, चोच नारिंगी. उडता उडता खालची चोच पाण्यात घालून पाणी कापत जातो. आमच्यापैकी कुणी तो पुस्तकाबाहेर पाहिलेला नव्हता.

साहेबांनी उलटतपासणी सुरू केली. चोच कशी? "वरची आखूड, खालची लांब." नदी सुरय तर नाही ना, तोही पाण्यावरून असाच जातो. "नाही साहेब. सुरय मी कमी पाह्यले का? हा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी चिरत गेला. पोटावर पहिला चिरा देतात ना, तसा. सरळ. एक थेंब नाही उडाला."

तिथे साहेब अडले. "थेंब नाही उडाला? काहीही सांगता सिस्टर. पाण्यात चोच घातली तर थेंब उडन नाही का?"

"नाही उडाला."

"पंच कोण?"

सिस्टर आमच्याकडे बघायला लागल्या. मी बघितलं माझ्या तळहाताकडे. त्यात स्क्रू होता. सापडला होता!

साहेबांनी वहीत लिहिलं, 'नदी सुरय (?)', आणि जागेच्या रकान्यात सिस्टरने दाखवलेल्या रेषेचं बाभळीपासूनचं अंतर, अंदाजे पावलांत. सिस्टरने वही ओढून घेतली, 'पंच एक'च्या रकान्यात ठसठशीत सही केली आणि वही परत दिली. दुसऱ्या पंचाची जागा मोकळी. परतीच्या वाटेतही पाणी त्यांनी आम्हाला वेळेवर पाजलं.

मला त्या स्क्रूचा अजून राग येतो. दहा रुपयांची वस्तू ती. दुकानात डबाभर आहेत.

*

पुढच्या नवतप्यापासून सिस्टरचं एकच काम. दगडावर बसायचं आणि पाण्याच्या त्या पट्ट्याकडे बघायचं. चित्रबलाकांचा थवा डोक्यावरून गेला तरी मान वर नाही. प्रणय चिडवायचा, "सिस्टर, तो येणार आहे म्हणून फोन आला होता का?" त्या म्हणायच्या, "पेशंट येते तवा सांगून येते का रे? आपण तयार राहाचं."

पाणचिरा आला नाही. त्या वर्षी नाही, पुढच्याही नाही.

एकदा साहेब दूर पावलं मोजत असताना मी हळूच म्हटलं, "सिस्टर, मी सही करून टाकतो. मला त्या दिवशी ओझरता दिसला होता म्हणतो. साहेबांना काय कळतंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, पण मला माझा हात खिशात घालावासा वाटला.

"मनोहरभाऊ, तुम्ही गिऱ्हाईकाले चुकीचा नंबर देसान का? त्याले बरं वाटावं म्हणून?"

"नाही."

"मंग! म्या पाह्यला हे खरं हाय. त्याच्या बाजूले तुमचं खोटं कायले लावता? माहं खरं बाटन ना."

*

मागच्या वर्षी सिस्टर आजारी पडल्या. काय झालंय ते डॉक्टरांच्या आधी त्यांनाच कळलं होतं. ज्या दवाखान्यात आयुष्य गेलं तिथेच, थिएटरच्या वरच्या मजल्यावर, खिडकीजवळची कॉट मिळाली. "वशिल्याची कॉट हाय," म्हणायच्या. खिडकीबाहेर पिंपळ.

एक दिवस दुकानात त्यांचा फोन. आवाज खोल गेलेला. "मनोहरभाऊ, साहेबांले घेऊन या. लवकर. वही आणाले सांगा."

शटर अर्धं ओढून धावलो. साहेबांना उचललं, भर उन्हात स्कूटरवर दोघं. धापा टाकत वॉर्डात शिरलो तर सिस्टर उशीला टेकून बसलेल्या, बोट खिडकीकडे.

"धनेश. पिंपळावर. अर्ध्या घंट्यापासून थांबवून ठेवला मी त्याले. करा सही!"

खरंच होता! राखी रंगाचा, वाकड्या चोचीचा. साहेबांनी पाहिला, वही काढली, गादीवर ठेवून नोंद केली. जागा: वॉर्ड, कॉट क्रमांक. पंच एक सिस्टर, पंच दोन साहेब. शेजारच्या कॉटवरची आजी विचारते, "काय लिहून राहिले वं? डिस्चार्ज देऊन राहिले का?" सिस्टर इतक्या हसल्या की नर्स धावत आली.

हसू ओसरलं. साहेबांनी वही मिटली नाही. पिशवीतून दुसरी वही काढली, जुनी, त्या स्क्रूच्या नवतप्याची. पान त्यांनी आधीच काढून ठेवलेलं होतं, आगपेटीची काडी घालून. 'नदी सुरय (?)'. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"सिस्टर," ते म्हणाले, "मी हे दुरुस्त करतो. पाणचिरा लिहितो. माही सही करतो."

मला वाटलं, सुटलो. पण सिस्टरने पानावर हात ठेवला. सलाईनची सुई असलेला हात.

"तुमी पाह्यला का साहेब?"

साहेबांनी पेन मागे घेतलं.

"मंग काहून लिहिता? मी मरून राहिली म्हणून?" आवाजात राग नव्हता. "माही कीव येते म्हणून त्या वहीत लिहू नका. तशी नोंद मले नाही पाह्यजे. दोन पंच म्हणजे दोन. तुमीच शिकवलं."

"पण सिस्टर, तुमच्यावर माहा विश्वास..."

"विश्वासाचा रकाना हाय का वहीत?"

साहेबांनी टोपण लावलं. जिन्यावर आल्यावर ते भिंतीला धरून उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "त्या दिवशी मी वर पाह्यलं असतं तर." स्क्रू माझ्याच हातातून उडाला होता.

बारा दिवसांनी सिस्टर गेल्या. त्यांच्या वस्तीतल्या विहारात सगळे पांढऱ्या कपड्यांत. प्रणय मुसमुसून रडला. साहेब शेवटच्या रांगेत बसले होते, पिशवी मांडीवर घेऊन. पिशवीत काय होतं ते मला माहीत होतं.

*

त्यानंतरचे रविवार. व्हॅन शटरसमोर यायची, पण मला उशीर झाला असं कुणी म्हणायचं नाही. म्हणून मी खरंच उशिरा उठायला लागलो.

वहीच्या माथ्यावर साहेब दर खेपेला हजेरी लिहितात. एकदा प्रणयला दिसलं, 'हजर: चार'. त्याने मला कोपर मारलं. मी मागची पानं बघितली. तीन रविवार 'हजर: चार'. ज्या माणसाने आयुष्यात एका फुटाची चूक केली नाही, म्हणून बदल्या भोगल्या, तो! आम्ही दोघांनी सह्या केल्या आणि वही परत दिली.

पुढे प्रणयची पुण्याला बदली झाली. जाताना त्याने कॅमेऱ्यातला एक फोटो मला मोठा करून दिला. बाभळीखाली सिस्टर, पाठमोऱ्या, समोर मोकळं पाणी. दुकानात लावलाय. गिऱ्हाईक विचारतं, "यात पक्षी कुठे हाय?"

*

आणि हा यंदाचा.

नवतपा लागला तसे साहेब रोज तलावावर जायला लागले. रविवारचं सोडा, रोज! लांजेवार वहिनींनी मला फोन केला, "भाऊजी, काही बोला त्यांले. या वयात ऊन झेपणार नाही." मी साहेबांना विचारलं तर म्हणाले, "घरी कूलर लय आवाज करते." मग मीही दुकान दहाला उघडायला लागलो. मीठ-साखरेचं पाणी मी करून न्यायचो. प्रमाण चुकायचं. साहेब तोंड वाकडं करून प्यायचे.

सहावा दिवस. पाणी यंदा फारच आत गेलेलं. साहेब दगडाच्या शेजारी, जमिनीवर बसलेले. सातच्या सुमाराला रामाजीभाऊंनी हाक मारली, "या गा मनोहरभाऊ, डांगर पिकलं!" मी गेलो. त्यांनी डांगर कापलं, आम्ही इकडचं तिकडचं बोललो, माझी पाठ पाण्याकडे. पाच मिनिटं झाली असतील. दोन फोडी घेऊन परत आलो.

साहेब उभे होते. दुर्बीण गळ्यात नुसती लोंबत होती. चेहरा सगळा ओला.

मी फोडी टाकून धावलो. "साहेब! ऊन लागलं का? बसा, बसा आधी!"

त्यांनी माझा हात बाजूला केला. "तुले दिसला?"

"काय?"

"नाही ना दिसला?"

"नाही. मी तिकडे होतो. काय होतं साहेब?"

"ठीक आहे," ते म्हणाले.

मग ते बाभळीच्या बुंध्याशी गेले आणि तिथून पाण्याकडे चालू लागले, मोठ्याने पावलं मोजत. यंदाचा काठ आला तेव्हा थांबले, बोटांवर जुन्या नोंदीतल्या पावलांचा हिशेब केला, बूट न काढता गुडघाभर चिखलात उतरले आणि आणखी एकवीस पावलं गेले. तिथे उभं राहून त्यांनी बाभळीकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं. परत आले.

पिशवीतून वही काढली. यंदाची नाही. ती जुनी, आगपेटीची काडी घातलेली. म्हणजे रोज तीच आणत होते! दगडावर वही ठेवली, चिखलाचे हात शर्टाला पुसले. 'नदी सुरय (?)' वर एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, 'पाणचिरा'. सिस्टरची सही तिथे होतीच, ठसठशीत. तिच्या पुढच्या मोकळ्या रकान्यात सावकाश स्वतःची सही केली. खाली आजची तारीख, वेळ.

मी चष्म्यावाला माणूस, मला राहवलं नाही. "साहेब, पण त्यांची तारीख वेगळी, तुमची वेगळी. पक्षीही तोच होता कशावरून?"

"पहिला पंच सही करून गेला असन, तर दुसऱ्यानं मागून येऊन केली तरी चालते," साहेब म्हणाले. "जागा तीच पाह्यजे. मी मोजली."

"मग मीही करू का सही? खाली?"

"तू पाह्यला का?"

"नाही."

"मंग डांगर खा."

मी फोडी उचलल्या, गाळ झटकला. साहेब अजून वहीवर वाकलेले होते. एकच रकाना उरला होता, शेऱ्याचा. तो त्यांनी भरला, शाई वाळेपर्यंत वही उघडी धरली आणि मला वाचायला दिली.

'शेरा: एक थेंब उडाला नाही.'